नदी घाण करण्याचं बिल

दर वर्षी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आमच्या घरी एक बिल येतं. पाणीपट्टीचं नव्हे, ती वेगळी. हे बिल आम्ही पाणी घाण करतो त्याचं. पाठवणारं 'वॉटरस्खाप', म्हणजे पाण्याचं निवडून आलेलं मंडळ. देशात अशी २१ मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. घरात माणूस एकटा असेल तर घाणीचं एक एकक आणि दोघं किंवा जास्त असतील तर थेट तीन. दोघांचे तीन कसे, हे बायकोला अजून पटलेलं नाही.

बिल हातात असतानाच गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनं भांडण पुन्हा पेटलं होतं: इचलकरंजीला पाणी द्यायचं की नाही? आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. इचलकरंजीनं आधी पंचगंगा वापरली. ती घाण झाली म्हणून कृष्णेचं पाणी आणलं. २०१२ मध्ये शहरात काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. मग वारणेचं पाणी ठरलं, ते वारणाकाठच्या दानोळी गावानं अडवलं. दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेलाही काठच्या गावांनी विरोध केला. ग्रुपवर दोन्ही बाजूंनी शिव्या. पण दारातली नदी प्यायच्या लायकीची का राहिली नाही आणि त्याचे पैसे कुणी भरायचे, यावर एक मेसेज नाही.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. आपल्याकडे त्याहून चांगली म्हण आहे: आयजीच्या जिवावर बायजी उदार. कापड रंगवणाऱ्याचा, साखर काढणाऱ्याचा हिशेब फायद्यात दिसतो, कारण मेलेले मासे, केंदाळ आणि दवाखान्याचा खर्च खालच्या गावाच्या खात्यात पडतो. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांचं म्हणणं होतं की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाट स्वस्त असेल, तर दोन्ही बाजू आपसात मिटवतील. पण पंचगंगेत स्वच्छ पाण्याचा हक्क नेमका कुणाचा, हेच स्पष्ट नाही. मग वाटाघाट कसली, रास्ता रोकोच होणार.

डच लोकांनी १९७० मध्ये कायदा लागू करून घाणीवर आकार लावला. मोठ्या कारखान्यांचं सांडपाणी मोजून, त्यातली घाण जिरवायला किती ऑक्सिजन लागेल त्यावर. हेतू फक्त शुद्धीकरण केंद्रांसाठी पैसा उभा करण्याचा होता. पण बिल बघून कारखान्यांनी आपल्या आवारातच घाण कमी करायला सुरुवात केली.

भारतातही १९७७ चा पाणी उपकर कायदा होता. पण आकारणी वापरलेल्या पाण्यावर, दर पैशांत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो गेला. प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात मान्य केलंय. तत्त्व आहे, पण दर वर्षी बिल पाठवणारं कुणी नाही. इथल्या मंडळाला डच पासपोर्ट नसतानाही मी मत देतो. पंचगंगेच्या पाण्यासाठी मात्र नरसोबावाडीच्या माणसाला कुणाला मत देता येतं?

म्हणून इथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. कारखान्यानं नळीतून सोडलेलं पाणी मोजता येतं, गाईच्या शेणामुताचं काय? २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं शेणामुतातून सुटणाऱ्या नायट्रोजनसाठीची सरकारची परवान्यांची पद्धत रद्द केली, तेव्हा ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये शिरले. २०२३ मध्ये त्यांच्या बाजूच्या नव्या पक्षानं प्रांतिक निवडणुका जिंकल्या. तेव्हापासून सरकार शेतकऱ्यांपुढे चाचरतच बोलतं. ऊस आणि कारखाने म्हटल्यावर आपले पुढारी चाचरतात, अगदी तसंच.

मी हे ग्रुपवर लिहिलं. उसाचा शेतकरी असलेल्या चुलतभावाचं उत्तर आलं, "दादा, पयलं बिल कारखान्याला पाठव." चूक नाही त्याचं. पण आमच्या गावची गटारंही सरळ पंचगंगेत जातात. लहानपणी त्या गटाराच्या तोंडाशी आम्ही दोघांनीच मासे धरलेत.