'परत या' म्हणण्याआधी प्रयोगशाळेत डोकावा

चिनी भौतिकशास्त्रज्ञ च्येन-श्युंग वू 1936 साली शांघायहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. मायभूमीवर पुन्हा पाय ठेवायला 1973 साल उजाडलं. तोवर आईवडील दोघंही गेले होते. आपल्याकडच्या हिशेबात हे सरळ 'ब्रेन ड्रेन', म्हणजे हुशार माणसांची परदेशी गळती: शिकवलं चीनमधल्या नानजिंगने, फळं मिळाली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला. परदेशी गेलेल्या शास्त्रज्ञांनी मायदेशी परत यावं, हा वाद वाचताना मला खटकतं ते हे, की प्रयोग कशाने उभा राहतो यावर त्यात कुणी बोलतच नाही.

1956 सालचं बघा. ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रश्न टाकला होता: क्षीण बल, म्हणजे किरणोत्सारी अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यामागचं बल, डावं-उजवं असा भेद करतं का? तपासायचं तर किरणोत्सारी कोबाल्ट-60ची अणुकेंद्रं एका दिशेला वळवून धरायची, आणि त्यासाठी तापमान हवं निरपेक्ष शून्याच्या (म्हणजे शक्य तितक्या नीचांकी तापमानाच्या) वर जेमतेम शंभरांश अंश. तशी सोय कोलंबियातही नव्हती. म्हणून वूबाई वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी प्रयोगशाळेत अतिशीत तापमानाचे जाणकार अँबलर यांच्याकडे गेल्या. सिरियम मॅग्नेशियम नायट्रेट या लवणाच्या स्फटिकावर कोबाल्टचा पातळ थर वाढवायचा, चुंबकीय क्षेत्रात ठेवून द्रव हेलियमने त्याची उष्णता काढून घ्यायची, मग क्षेत्र उतरवायचं. स्फटिक आणखी थंड होतो. वर 2 सेंटीमीटरवर अँथ्रासीनचा तुकडा, इलेक्ट्रॉन आदळला की चमकणारा. त्यातली चमक 4 फुटी पारदर्शक दांड्यातून वरच्या फोटोमल्टिप्लायरपर्यंत, म्हणजे मंद प्रकाश टिपणाऱ्या उपकरणापर्यंत न्यायची.

घोळ इथेच सुरू झाले. थर पृष्ठभागावर असल्याने लगेच तापायचा आणि वळवलेली केंद्रं काही सेकंदांत विस्कटायची. उपाय म्हणून त्याच लवणाच्या मोठ्या स्फटिकांचं घरटं करायचं ठरलं, पण सेंटीमीटरभराचे स्फटिक वाढवायला तीन आठवडे लागले. ते ठिसूळ, म्हणून भोकं दंतवैद्याच्या ड्रिलने पाडली. चिकटवलेला गोंद त्या थंडीत सुटला आणि घरटं कोसळलं. शेवटी नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधलं. तेव्हा कुठे मोजणीला काही मिनिटं मिळाली. इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांच्या फिरकीच्या उलट दिशेला जास्त निघतात, म्हणजे क्षीण बल डावं-उजवं भेद करतं, हे त्या मिनिटांत दिसलं. 1957चं नोबेल ली-यांग यांना मिळालं, वूबाईंना नाही. हा अन्याय मला आजही सलतो.

आता 'परत या'कडे वळू. चिनी भौतिकशास्त्रज्ञ तंग च्याश्येन 1950 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून डॉक्टरेट मिळताच चीनला परतले आणि पुढे तिथल्या अणुबाँबच्या कामाचे प्रमुख आधार झाले. ते देशभक्त आणि वूबाई नाहीत, असं मी म्हणणार नाही. वूबाईंच्या अस्थी शेवटी वडिलांनी चीनमधल्या लिउहे गावात काढलेल्या मुलींच्या शाळेच्या आवारात पोचल्या.

परतणाऱ्याला निष्ठा विचारण्याआधी तिथे काय तयार आहे ते सांगा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हेलियम द्रवरूप करण्याची स्वतःची यंत्रणा आहे. हेलियम देशात आयात करावा लागतो, म्हणून उडून जाणारा वायू गोळा करून पुन्हा वापरावा लागतो. जिल्ह्याच्या विद्यापीठात असं काय आहे? स्फटिक वाढवणारा, काच फुंकणारा, गळती शोधणारा तंत्रज्ञ पगारावर आहे का? गोंद सुटला तर दुसरा तीन दिवसांत मिळतो, की निविदा निघायला तीन महिने जातात?