पाळकांनाही हिशेब द्यायचा आहे

नमस्कार. आपला आक्षेप असा: बायबलमधलं इब्री १३:१७ हे वचन मंडळीच्या (चर्चच्या) पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहायला सांगतं, दाविदाने देवाचा अभिषिक्त राजा शौल याच्यावर, तो जिवावर उठला असतानाही, हात टाकला नाही, मग पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) चूक दाखवणं ही बंडखोरीच. दोन्ही वचनं मी मानतो, म्हणूनच ती शेवटपर्यंत वाचा अशी विनंती आहे.

आज्ञेत का राहायचं, हे इब्रीतलं वचन लगेच सांगतं: पुढारी तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना त्याचा हिशेब द्यायचा आहे. कळप ख्रिस्ताचा. प्रेषित पेत्रही वडिलांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बजावतो की धनीपणा करू नका, मुख्य मेंढपाळ येणार आहे (१ पेत्र ५:१-४).

आता १ शमुवेल २४. एन-गेदीच्या गुहेत दावीद शौलाच्या झग्याचा फक्त काठ कापतो. पण मग बाहेर येऊन शौलाला हाक मारतो, तोच काठ दाखवतो आणि सुनावतो की मी अपराध केला नसताना तुम्ही माझ्या जिवावर उठला आहात, परमेश्वरच आपला न्याय करो. त्याने तलवार आवरली. तोंड बंद ठेवलं नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंगतीतून मागे सरला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमोर दोष दिला (गलती २:११-१४).

पाळक वचन समजावतात तिथे ऐकावं. पण लग्न कुणाशी करायचं, नोकरी सोडायची का, यावर 'देवाने मला सांगितलं' असा हुकूम आला, तर तो तपासावा. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळलं आणि शास्त्र त्यांची वाखाणणीच करतं (प्रे. कृत्ये १७:११).

तक्रारीची रीत १ तीमथ्य ५:१९-२० मध्ये आहे. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा आरोप ऐकून घेऊ नये. पाप करत राहणाऱ्यांचा मात्र सर्वांदेखत निषेध करावा. पुष्कळदा पहिलं वाक्य पाठ असतं, दुसरं विसरलेलं. म्हणून कुजबुज, व्हॉट्सॲपवरची चर्चा टाळा. काय घडलं, केव्हा, कोण हजर होतं, हे लिहून वडीलमंडळाकडे द्या. त्या सुनावणीला संबंधित पाळकच अध्यक्ष असतील तर ती तिथेच फसते. त्यांनी त्या खुर्चीतून उठलंच पाहिजे.

मत्तय १८:१५ मधली 'एकांतात जाऊन बोल' ही पायरी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत कृपा करून वापरू नका. पीडिताला एकटं त्याच माणसासमोर पाठवणं हा दुसरा अन्याय आहे. तिथे आधी पोलीस, मग मंडळीची चौकशी.