हात गरम असतो हो

निकोलस ग्रीनच्या आईवडिलांवरचा लेख वाचून रडू आवरलं नाही. १९९४ साली इटलीत फिरायला गेलेलं अमेरिकन कुटुंब, रात्री हमरस्त्यावर लुटारूंचा गोळीबार, मागच्या सीटवर झोपलेला सात वर्षांचा पोरगा. आणि ज्या देशात लेकरू मारलं गेलं, त्याच देशातल्या सात जणांना आईवडिलांनी त्याचे अवयव आणि कॉर्निया (डोळ्यांचे पारदर्शक पडदे) दिले! यकृत मिळालेल्या मुलीने पुढे आपल्या मुलाचं नाव निकोलस ठेवलं.

मी बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर होते. मेंदू मृत झाला तरी व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते. चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, हे सगळं आईला समजावलं जातं. तरी ती म्हणते, "सिस्टर, हात बघा ना, गरम आहे." एका आईने अवयवदानाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी लेकाची नखं कापायला सांगितली, वाढली होती म्हणून. मीच कापली.

ज्यांना असा होकार देणं जमत नाही, त्यांना कृपा करून नावं ठेवू नका. मूल अल्पवयीन असेल तर कायद्याने आई किंवा वडील, कुणा एकाची सही पुरते. पण माझ्यासमोर नेहमी दोघं एकमेकांना धरूनच आली.