लायटीखाली उभा माणूस दिसत का नाही?

गेल्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास कोल्हापुरात गंगावेशीतून दुचाकीवर रंकाळ्याकडं निघालो होतो. झेब्रा पट्ट्यांजवळ आधी दिसली ती किटली. स्टीलची, माझ्याच हेडलाइटमध्ये चमकलेली. ती धरलेला माणूस नंतर दिसला. ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि आबा दचकून मागं सरकले, तसं दूधकट्ट्यावरून आणलेलं ताजं दूध निम्मं रस्त्यावर. शिव्या खायच्या तयारीनंच उतरलो. आबा एवढंच म्हणाले, "आरं बाळा, लायटीखालीच हुतो की मी!"

खरंच होते. वर एलईडी लखलखत होता. पण खांब पट्ट्यांच्या पलीकडं. सगळा उजेड आबांच्या पाठीवर, माझ्याकडची बाजू काळीकुट्ट, त्यात अंगात गडद स्वेटर. त्यांना वाटलं आपण दिसतोय, मला वाटलं रस्ता मोकळा आहे.

दिवा हवा पट्ट्यांच्या अलीकडं, गाडी येते त्या बाजूला. दुहेरी वाहतूक असेल तर दोन्हीकडून एकेक. म्हणजे उजेड ओलांडणाऱ्याच्या अंगावर पडतो. अमेरिकेच्या महामार्ग खात्याच्या २००८ च्या अहवालात क्रॉसिंगवर १.५ मीटर उंचीला २० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड सुचवलाय, तोही उभ्या अंगावर मोजलेला, डांबरावर नव्हे.

"सगळा रस्ताच लख्ख करा की" म्हणणारे भेटतात. मला नाही पटत. नॉर्वेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवे बसवल्यावर गाड्यांचा वेग थोडा वाढलेला आढळला. लांब कशाला जायचं, लख्ख रस्ता दिसला की माझीच मूठ आपोआप पिळली जाते. बाकीच्या रस्त्यापेक्षा पट्ट्या जास्त उजळ हव्यात, लांबूनच "पुढं काहीतरी आहे" असं वाटून हात सैल पडावा इतपत.

तो हात सैल पडणं किती महत्त्वाचं? ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. माणूस दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर नुसतेच गेले. ३० ला तेच साडेबारा. त्या रात्री माझा काटा कुठं होता ते इथं लिहीत नाही, घरचे वाचतात.

आबांना कट्ट्यावर नेऊन किटली परत भरून दिली. ते नको नको म्हणत होते. परत रस्ता ओलांडताना मात्र त्यांनी किटली डोक्याएवढी उंच धरली होती.