खुलासा: त्वचेचा प्रत्येक कॅन्सर ‘एका इंजेक्शनात’ बरा होत नाही

‘त्वचेच्या कुठल्याही कॅन्सरवर एकच इंजेक्शन, ऑपरेशन नको’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. मेथोट्रेक्सेट किंवा ५-फ्लोरोयुरॅसिल ही कॅन्सरविरोधी औषधं थेट गाठीत टोचतात, हे खरं. पण केराटोअकॅन्थोमासारख्या (त्वचेवर झपाट्याने वाढणारी एक गाठ) निवडक, कमी धोक्याच्या गाठींसाठी, बायोप्सीनंतर, आणि बहुधा ऑपरेशन झेपणार नसेल तेव्हाच. मेलानोमात (त्वचेचा सहज पसरणारा, घातक कॅन्सर) ही औषधं ऑपरेशनची जागा घेत नाहीत.

बरेचदा काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचावं लागतं. सुई गाठीखालच्या चरबीत गेली तर औषध वाया जातं. किडनी कमजोर असेल तर थोडंसं मेथोट्रेक्सेटही रक्तपेशी धोकादायकरीत्या घटवू शकतं. म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायलाच हवं. खपली पडली तरी मुळाशी पेशी उरू शकतात, त्यामुळे फेरतपासणी चुकवू नका.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. त्यावर विसंबून कुणी ठरलेलं ऑपरेशन लांबवत असेल, तर आधी त्यांना फोन करा.