ट्रेलरच्या व्ह्यूजवरून पिक्चरचा गल्ला निघत नाही

गेले चार दिवस एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला नाशकातल्या तीन ग्रुपवर आला: ट्रेलरचे व्ह्यूज बघा, बुकमायशो या तिकिटांच्या ॲपवर ‘इंटरेस्टेड’ दाबणारे किती ते बघा, पहिल्या दिवसाच्या ॲडव्हान्स बुकिंगला १० ने गुणा, पिक्चरची टोटल कमाई हातात, गूगलचा फॉर्म्युला आहे, ९४ टक्के अचूक. हे चूक आहे, आणि यात मराठी पिक्चर मार खातो म्हणून राहवत नाही.

आधी गूगल. २०१३ मध्ये ९४ टक्के म्हटलं होतं हे खरं, पण ते फक्त ओपनिंग वीकेंडबद्दल, हॉलिवूडच्या पिक्चरबद्दल, आणि व्ह्यूजवर नाही तर ट्रेलरच्या सर्चवर, सोबत सीझन कुठला नि पिक्चर आधीच्या मालिकेतला आहे का हे धरून. टोटल कमाईचं त्यात नाव नाही.

व्ह्यूजचं तर सोडाच, यूट्यूबवर जाहिरात लावली की पैसे देऊन वाढतात.

राहिला ॲडव्हान्स. २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’ आठवा. ३० जूनला लागला, पहिल्या दिवशी साधारण एक कोटी, आणि दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा गेला! आमच्या आईची सिडकोतली भिशी, १४ जणी, एकीच्याही फोनमध्ये ते ॲप नाही, आई रविवारी खिडकीवर जाऊन उभी राहिली तर पुढून दुसऱ्या रांगेतली तिकिटं मिळाली, माना अवघडल्या तरी बायका खुश. घरी येऊन चप्पल काढायच्या आत सिन्नरच्या मावशीला फोन, आणि पुढच्या शनिवारी मावशी नऊ जणींना घेऊन हजर. या २४ तिकिटांतलं एक तरी गुरुवारच्या ॲडव्हान्समध्ये दिसलं असतं का?

उलट ॲडव्हान्स कमी म्हणून थिएटरवाले मराठीला सकाळी साडेनऊचा एकच शो देतात, नोकरीवाला माणूस त्या वेळेला कसा जाणार, मग गल्ला कमी येतो आणि हेच लोक म्हणतात बघा, चालला नाही.

अंदाज लावायचाच तर सोमवारपर्यंत थांबा. सोमवारचं कलेक्शन शुक्रवारच्या आसपास टिकलं तर पिक्चर चालणार, निम्म्याच्याही खाली गेलं तर अवघड. ट्रेडवाले, म्हणजे पिक्चरच्या धंद्यातले लोक, पण सोमवारचीच वाट बघतात.