‘टेलिकॉमचे सरकारी टेंडर लहानांसाठी नसतेच’ : या दाव्यात तथ्य किती?

उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरतो आहे. दूरसंचाराच्या सरकारी कामात लहान कंपनी निविदेसोबत भरायची अनामत रक्कम आणि उलाढालीच्या अटीतच गळते, तिथून निभावली तर दरात मार खाते आणि काम मिळालेच तर बिल अडकते. म्हणून मोठ्यांचे उपकंत्राट घेणे हाच मार्ग, असे त्यात म्हटले आहे.

अनामतीचा मुद्दा सरळच चुकीचा आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार उद्यम (केंद्राच्या लघुउद्योग पोर्टलवरील) नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना ती भरावी लागत नाही. मात्र ही सवलत उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, बाजारातून राउटर उचलून पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. काम मिळाल्यानंतरची सुरक्षा ठेवही चुकत नाही.

उलाढाल आणि अनुभव यांची अट शिथिल होऊ शकते, पण आपोआप नव्हे. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरील बिडच्या (निविदेच्या) कागदात या सवलतीसमोर ‘हो’ की ‘नाही’ ते स्पष्ट लिहिलेले असते. ‘नाही’ असेल, तर प्री-बिड बैठकीपूर्वी, म्हणजे दर भरण्याआधी शंका विचारण्यासाठी होणाऱ्या बैठकीपूर्वी, लेखी विचारणा करावी. मुदत संपल्यावर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही.

दराबाबतचा दावा सर्वांत दिशाभूल करणारा आहे, कारण लहान कंपनीने सर्वांत कमी दर भरलाच पाहिजे असे नाही. समजा, मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर ४० लाख आहे आणि तुमचा ४५ लाख. याच खरेदी धोरणातील सर्वांत कमी दराच्या वरच्या १५ टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणजे ४६ लाखांच्या आत, तुम्ही आहात. त्यामुळे ४० लाखांच्या दराने काम करण्याची तयारी दाखवल्यास किमान २५ टक्के पुरवठा लघुउद्योगांच्या वाट्याला येतो, आणि कामाचे तुकडे पडणार नसतील तर संपूर्ण कामही मिळू शकते. अर्थात तो दर परवडतो का, हा हिशेब ज्याचा त्याने आधीच करायचा.

बिले रखडतात, हे खरे. पण २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने ४५ दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे आणि त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असे कायदा मानतो. त्यामुळे तारखेचा शिक्का असलेली पोच हा पुढे सुविधा परिषदेत (थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या, याच कायद्याखालील मंडळात) सर्वांत उपयोगी कागद ठरतो. खात्याशी वाकडे नको म्हणून बरेच जण तिथे जातच नाहीत, हे समजण्यासारखे असले तरी त्याचा दोष नियमांना देता येत नाही.

उपकंत्राटाबाबत मात्र मजकूर अर्धा खरा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटसारख्या (गावोगावी ब्रॉडबँड पोचवण्याच्या) कार्यक्रमात आराखड्यापासून देखभालीपर्यंतचे काम एकाच कंत्राटात येते, आणि बांधकाम स्वरूपाच्या कंत्राटांना वरचे खरेदी धोरण लागू नाही. तिथे मोठ्यांबरोबर जावे लागेल. पण जिल्हा कार्यालयाचे लॅन (संगणकांचे अंतर्गत जाळे), ईपीएबीएक्सची (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन यंत्रणेची) देखभाल किंवा वाय-फायची उभारणी यांना तो नियम लावून घरी बसण्याचे कारण नाही. उपकंत्राट घेतलेच, तर झालेल्या कामाचा दाखला कुणाच्या नावाने निघणार हे करारात लिहून घ्यावे, कारण पुढच्या निविदेत अनुभव म्हणून तोच कागद जोडावा लागतो.